फासातून फास : विणकामाच्या शंकांना उत्तरे

थंडी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. यंदा दोन सुयांवरच्या विणकामाविषयी इतकी पत्रे आली की, हा संपूर्ण अंक त्यांनाच द्यावा असे वाटले. बहुतेक पत्रांत तक्रार वेगवेगळी असली, तरी तिचे मूळ एकच आहे : आपण ओळी पाठ करतो, पण सुईवरचा टाका कसा बसला आहे हे पाहत नाही. म्हणून उत्तरे थोडी विस्ताराने दिली आहेत. वाचताना हाताशी सुया आणि थोडी लोकर ठेवावी, अशी विनंती आहे.

प्रश्न : मी यंदा प्रथमच मफलर विणला. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण घेतली होती. विणताना काम छान दिसत होते; परंतु टाके बंद केल्यावर दोन्ही लांब कडा मागच्या बाजूला वळल्या आणि मफलरची सुरळी झाली. इस्त्री करून पाहिली, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझे काय चुकले? – एक वाचक, पुणे

उत्तर : विणण्यात तुमचे काहीही चुकलेले नाही. ही वीण वळतेच, आणि ती का वळते हे कळले की सुलट आणि उलट या दोन शब्दांचा अर्थही उलगडतो.

विणकामात मुळात एकच क्रिया आहे. सुईवर असलेल्या फासातून धाग्याचा नवा फास ओढून काढायचा. हा नवा फास मागून पुढे, म्हणजे आपल्याकडे, ओढला की सुलट टाका होतो. पुढून मागे, म्हणजे पलीकडे, काढला की उलट टाका होतो. त्यामुळे सुलट टाका मागून पाहिला तर तो उलट टाकाच असतो. तुम्ही एक ओळ सुलट विणून काम फिरवता आणि मग उलट विणता, तेव्हा प्रत्यक्षात प्रत्येक फास मफलरच्या एकाच बाजूला ओढला जात असतो. मफलर उजेडात धरून पाहा. दर्शनी बाजूला गव्हाच्या ओंबीसारख्या उभ्या रांगा दिसतील. त्या फासांच्या पायांच्या आहेत. मागच्या बाजूला आडव्या लहान कमानी दिसतील. त्या फासांच्या माथ्यांच्या आणि तळांच्या आहेत. एका बाजूला सगळे उभे धागे आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या आडव्या कमानी, अशी ही विषम रचना आहे. वाकवलेला धागा सरळ होऊ पाहतो, आणि दोन्ही बाजूंची ओढ सारखी नसल्यामुळे कापड एका अंगाला वळते. मध्यभागी शेजारचे टाके ते धरून ठेवतात. कडेला धरून ठेवायला कोणी नसते. म्हणूनच डावी-उजवी कड मागे वळते, आणि वरची-खालची कड पुढे वळते. तुमच्या मफलरची दोन्ही टोके पाहा, ती नक्की दर्शनी बाजूकडे वळलेली असतील.

आता हीच ओढ आपल्या उपयोगाची कशी होते ते पाहा. एक टाका सुलट, एक टाका उलट असे शेजारी शेजारी विणले की एका उभ्या रांगेची ओढ एका दिशेला आणि तिच्या शेजारणीची विरुद्ध दिशेला होते. कापडाला उभ्या चुण्या पडतात, सुलट रांगा पुढे येतात, उलट रांगा त्यांच्यामागे दडतात आणि सगळे कापड रुंदीत आकसते. ताणले की चुण्या उघडतात, सोडले की मिटतात. स्वेटरच्या मनगटाला आणि कमरेला आपण जी बॉर्डर विणतो ती एवढ्यासाठीच. याउलट, प्रत्येक ओळ सुलटच विणली, तर काम फिरवल्यामुळे एका बाजूने पाहताना सुलट आणि उलट ओळी एकाआड एक येतात. येथे चुण्या आडव्या पडतात आणि कापड लांबीत ताणले जाते. दोन्ही विणींत कडा सपाट राहतात, कारण दोन्ही दिशांच्या ओढी एकमेकींना सावरून घेतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ एलिझाबेटा मात्सुमोटो आणि त्यांचे सहकारी अशा विणींच्या ताणाचा शास्त्रीय अभ्यास करतात. केवळ सुलट-उलटाच्या मांडणीने एकाच धाग्याचे कापड मऊ किंवा ताठ होते, ही गोष्ट आपल्या आया-आज्यांच्या हातांना ठाऊक होती. ती आज प्रयोगशाळेत मोजली जात आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

तुमच्या तयार मफलरविषयी सांगायचे तर, कृपया पुन्हा इस्त्री करू नका. लोकर अॅक्रिलिक असेल तर उष्णतेने ती मऊ पडते आणि तिचा उसळता गुण कायमचा जातो. त्याऐवजी दोन्ही लांब कडा एकमेकींना शिवून घ्या. दुहेरी, उबदार आणि न वळणारा मफलर तयार होईल. पुढच्या वेळी हीच वीण हवी असेल, तर दोन्ही कडांना पाच-पाच टाके प्रत्येक ओळीत सुलट विणा, आणि सुरुवातीच्या व शेवटच्या आठ-दहा ओळी संपूर्ण सुलट घ्या. एवढ्याने वळण पुष्कळ कमी होते. अगदी सपाट मफलर हवा असेल, तर संपूर्ण मफलर बॉर्डरच्या विणीत करावा, असे माझे मत आहे.

प्रश्न : मी आईकडून विणकाम शिकले. नातवासाठी स्वेटर विणला, तर एकाआड एक ओळीतले टाके पायांत पाय अडकवल्यासारखे फुलीदार दिसतात. गळा इतका घट्ट झाला की बाळाच्या डोक्यातून उतरत नाही. आई नेहमी म्हणत असे की, उलट टाक्याला धागा खालून घे, काम भरभर होते. मी तसेच करते. तिचे टाके सरळ येत, माझे का येत नाहीत? – एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, आणि हा प्रश्न मला वर्गातही वरचेवर विचारला जातो.

डाव्या सुईवरचा एक टाका नीट पाहा. घोड्यावर स्वार बसावा तसा तो सुईवर बसलेला असतो. एक पाय सुईच्या पुढे, एक मागे. उलट टाका विणताना धागा सुईच्या वरून खाली घेतला, तर पुढच्या ओळीत त्या टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढे येतो. धागा खालून वर घेतला, तर उजवा पाय सुईच्या मागे जातो. दोन्ही पद्धती योग्य आहेत. जगातल्या अनेक भागांत विणकर दुसऱ्या पद्धतीनेच विणतात, आणि तिच्यात धागा कमी लागत असल्यामुळे उलट ओळी सैल पडत नाहीत, असा तिचा फायदाही आहे.

घोटाळा होतो तो पुढच्या सुलट ओळीत. आपल्याला ‘सुई पुढच्या पायातून घाला’ असे शिकवलेले असते. उजवा पाय पुढे असेल तर या सूचनेने फास उघडा राहतो. परंतु तुमच्या टाक्याचा उजवा पाय मागे आहे. अशा वेळी पुढच्या पायातून सुई घातली की फासाला पीळ बसतो आणि दोन्ही पाय तळाशी एकमेकांवरून जातात. तुमची उलट ओळ तेवढी अशी पिळली जाते, सुलट ओळ नाही. म्हणून एकाआड एक ओळ फुलीदार दिसते. पिळलेला फास उघड्या फासाइतका पसरू शकत नाही, त्यामुळे गळा ताणला गेला नाही. तुमच्या आई सुलट ओळीत नकळत मागच्या पायातून सुई घालत असणार. त्यांच्या हाताला ती सवय इतकी जडलेली असेल की, सांगण्यासारखे त्यात काही आहे हे त्यांच्या लक्षातही आले नसेल. शिकवताना पहिले अर्धे सांगितले गेले आणि दुसरे अर्धे हातातच राहिले.

उपाय दोन आहेत. उलट टाक्याला धागा वरून घ्या. किंवा आईची पद्धत ठेवा आणि सुलट ओळीत मागच्या पायातून विणा. मी तुम्हाला दुसरा उपाय सुचवेन, कारण जडलेली सवय मोडण्यापेक्षा ती पूर्ण करणे सोपे असते. दोन्हींना लागू पडणारा नियम असा की, डाव्या सुईच्या टोकाजवळ जो पाय असेल, त्यातून सुई घालावी. मग तो पुढे असो वा मागे. एवढे पाहण्याची सवय लागली की, टाका पडून पुन्हा उचलताना तो कोणत्या बाजूने सुईवर चढवला याची चिंता उरत नाही.

पिळलेला टाका हा दोषच असतो असे मात्र समजू नये. ऑस्ट्रिया आणि बव्हेरिया या भागांतील पारंपरिक विणीत तो मुद्दाम घेतात, कारण त्याची रेघ कोरल्यासारखी उठून दिसते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेले, इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यानचे लोकरी मोजे आहेत. पायाच्या अंगठ्यासाठी त्यांना वेगळा कप्पा आहे. त्यांचे टाके हुबेहूब पिळलेल्या सुलट टाक्यांसारखे दिसतात, आणि त्यामुळे असे मोजे पुष्कळ काळ दोन सुयांवर विणलेले मानले जात. प्रत्यक्षात ते एकाच नेढ्याच्या सुईने, धाग्याचे तुकडे जोडत जोडत, फासातून सबंध धागा ओढून केलेले आहेत. तुमच्या नातवाच्या स्वेटरमधल्या त्या ओळी इतक्या जुन्या रूपाशी मिळत्याजुळत्या आहेत. गळ्याचे टाके तेवढे उसवून, टाके बंद करताना एक क्रमांक जाड सुई वापरून पुन्हा बंद केले, तर बाळाच्या डोक्यातून स्वेटर उतरेल.

प्रश्न : सुईवरून एक टाका सुटला आणि दहा ओळी खाली गेला. सगळे उसवावे लागेल का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : मुळीच नाही. पहिल्यांदा सुटलेल्या फासात सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे तो आणखी खाली जाणार नाही. प्रत्येक फासाला फक्त त्याच्यावरचा फास धरून ठेवतो. वरचा गेला की खालचा सुटतो, असे करत टाका सरळ खाली उतरतो आणि मागे आडव्या धाग्यांची शिडी राहते. ही शिडीच तुमची मदत करते. कामाची सुलट बाजू आपल्याकडे धरा. क्रोशाची सुई पुढून मागे फासात घाला, शिडीची सर्वांत खालची पायरी पकडा आणि फासातून पुढे ओढा. एक ओळ तयार झाली. मग त्यावरची पायरी, मग त्यावरची, अशा दहा पायऱ्या क्रमाने चढून फास डाव्या सुईवर ठेवा, उजवा पाय पुढे येईल असा. पायरी गाळली तर मागे लोंबता धागा दिसेल, तेव्हा मागची बाजू एकदा तपासून घ्यावी. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि एकदा स्वतः केले की विणकामाची सगळी रचना डोळ्यांसमोर उभी राहते. माझ्या वर्गात मी नव्या विद्यार्थिनीला मुद्दाम एक टाका सोडायला लावते आणि तो वर चढवायला सांगते.

याच पत्रात जुना स्वेटर खालच्या बाजूने का उसवत नाही, असेही विचारले आहे. उसवणे नेहमी जेथे टाके बंद केले तेथून सुरू करायचे असते. तेथून धागा एका ओढीत ओळीमागून ओळ सुटत येतो. जेथे टाके घातले त्या टोकाकडून, विशेषतः बॉर्डर असेल तर, धागा अडकत जातो. दुकानातून आणलेला स्वेटर असेल, तर आधी आतल्या शिवणी पाहा. कापड कापून शिवलेल्या स्वेटरमधून लांब धागा मिळत नाही, प्रत्येक ओळीचा एकेक तुकडा हाती येतो. हातविणीच्या स्वेटरची लोकर मात्र पुन्हा वापरता येते. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून पिळा न देता वाळवा, म्हणजे धाग्यातल्या लाटा जातील.

प्रश्न : अमेरिकेतील मुलीने स्वेटरचा नमुना पाठवला. त्यात आठ नंबरच्या सुया आणि नव्वद टाके लिहिले होते. मी तेवढेच टाके, आठ नंबरच्याच सुयांवर घेतले, तरी स्वेटर फारच लहान झाला. – एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्हीकडे आठच लिहिलेले असते, पण ती सुई एक नसते. आपल्याकडच्या सुयांना जुने ब्रिटिश क्रमांक चालत आले आहेत, आणि त्यांत क्रमांक वाढेल तशी सुई बारीक होते. आपली 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची आणि 10 नंबरची 3.25 मिलिमीटरची असते. अमेरिकेत क्रमांक वाढेल तशी सुई जाड होते. त्यांची 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची. नमुना वाचताना नेहमी मिलिमीटरचा आकडा शोधावा.

हिशेब करून पाहू. त्या नमुन्यात 10 सेंटिमीटरला 18 टाके अपेक्षित असतील, तर 90 टाक्यांची रुंदी 50 सेंटिमीटर होते. तुमच्या बारीक सुईवर 10 सेंटिमीटरला 22 टाके बसले असतील, तर तेच 90 टाके सुमारे 41 सेंटिमीटरच भरतात. पुढचा आणि मागचा भाग मिळून घेर 18 सेंटिमीटरने कमी झाला. हीच सुई आणि हीच लोकर ठेवायची असेल, तर 50 सेंटिमीटरसाठी 110 टाके घ्यावे लागतील.

यासाठी आधी लहान तुकडा विणून पाहणे अत्यावश्यक आहे, आणि तो तुकडा फार लहान करू नये. निदान 30 टाके घ्या, 12-13 सेंटिमीटर उंच विणा, टाके बंद करा, धुऊन वाळवा आणि मगच मोजा. माप मधल्या 10 सेंटिमीटरचे घ्या; कडा वळलेल्या असतात, त्यामुळे तेथे माप चुकते. बंद गोल सुईवर विणणार असाल, तर तुकडाही गोलच विणावा. गोल विणताना साध्या विणीत उलट ओळ येतच नाही, आणि ज्यांची उलट ओळ सुलटपेक्षा सैल पडते त्यांचे माप गोल विणताना बदलते.

प्रश्न : आमच्या गावाकडे घोंगडीही विणतात आणि घरी स्वेटरही विणतात. दोन्ही लोकरीचेच, तरी घोंगडी का ताणत नाही? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : मराठीत विणणे हा शब्द फार उदार आहे. पैठणी, घोंगडी, खाट, टोपली, स्वेटर, क्रोशाचा रुमाल, सगळे आपण विणतोच. परंतु घोंगडी आणि स्वेटर यांची रचना अगदी भिन्न आहे. घोंगडी मागावर होते. दख्खनी मेंढीच्या लोकरीचे उभे धागे ताणून, त्यांना चिंचोक्याची खळ देऊन माग लावतात आणि आडवा धागा त्यांच्या खालून-वरून नेतात. येथे धागे जवळपास सरळच असतात. कापड ओढले तर ताण थेट धाग्यावर येतो, आणि लोकरीचा धागा जेवढा लांबेल तेवढेच कापड लांबते. स्वेटरमध्ये मात्र सरळ धागा कोठेच नसतो. रुंदीत ओढले की फासांचे उभे पाय आपली लांबी आडव्या कमानींना देतात, उभे ओढले की कमानी पायांना देतात. धागा तेवढाच राहतो आणि फासाचा आकार बदलतो.

तुमच्या अंगावरचा टी-शर्टही याच अर्थाने विणलेला आहे. भिंगातून पाहिले तर स्वेटरसारख्याच ओंब्या दिसतील, फक्त फार बारीक. यंत्रावर असे विणण्याची सुरुवात इंग्लंडमध्ये विल्यम ली यांच्या मोजे विणण्याच्या यंत्राने 1589 मध्ये झाली, आणि आज तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे असे कापड मोठ्या प्रमाणावर तयार होते. घरातला एखादा जुना, साधा सुती टी-शर्ट घ्या, त्याची छातीच्या बाजूने आडवी, दोन बोटे रुंद पट्टी कापा आणि दोन्ही टोके धरून ओढा. पट्टीच्या दोन्ही कापलेल्या कडा दर्शनी बाजूकडे वळून तिची दोरी होईल. घोंगडीच्या किंवा धोतराच्या पट्टीचे तसे होणार नाही, तिचे धागे तेवढे कडेने निसटतील. पुण्याच्या वाचकांच्या मफलरची टोके ज्या कारणाने पुढे वळली, त्याच कारणाने ही दोरी होते.